उसवलेलं दुपटं

६ फेब्रुवारी

आई,

पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. मला एक कामाचं विचारायचं आहे, आणि फोनवर आपल्या दोघींचं काय होतं ते तुला ठाऊक आहे. तू म्हणतेस "बोल", मी म्हणते "तूच बोल", आणि मग दोघी एकमेकींच्या पंख्याचा आवाज ऐकत बसतो. कागदावर निदान मला कुणी मध्येच तोडणार नाही.

विचारायचं ते असं. छोटं दुपटं असेल, तर वरचा जोडलेला थर, मधला कापूस आणि खालचं अस्तर हे तिन्ही एकत्र धरून ठेवायला कच्चे टाके घालावेत की नुसत्या सेफ्टी पिना चालतील? आणि खरे टाके कुठून सुरू करायचे? लोक त्यांच्या गोधड्या तुझ्याकडे शिवायला आणायचे, तू बाहेरच्या खोलीतलं सगळं सामान भिंतीला लावून जमिनीवर पसरायचीस, आणि मी शेजारी बसून तुकडे कापायचे. पण माझी नजर सतत माझ्या कात्रीवर. सुई तुझी, कात्री माझी, असं कधी ठरलं कोण जाणे. एवढी वर्षं शेजारी बसून मी हेसुद्धा पाहिलं नाही, याचं हसू येतं आणि धडकीही भरते.

कुणासाठी ते विचारू नकोस. पडद्यांच्या दुकानातून सध्या रजा घेतली आहे. बसून बसून कंटाळा येतो, म्हणून आपलं काहीतरी. तब्येत उत्तम. पाय उशांवर ठेवून लिहिते आहे, म्हणून अक्षर तिरकं आलंय, तेवढं सांभाळून घे.

दुपटं तेच आहे. तू उसवून पाठवलेलं.

तुझी मुलगी

११ फेब्रुवारी

आई,

तुझं उत्तर पोचलं. पत्राने नाही, तुझ्या जावयाच्या तोंडून. बिचारा खांबावर चढून वायर जोडत होता म्हणे, तेव्हा तुझा फोन आला. संध्याकाळी कमरेचा पट्टा, पक्कड, सगळं तसंच ठेवून दारात उभा राहिला आणि पाठ केलेली कविता म्हणावी तसं म्हणाला, "मधून सुरू कर म्हणावं. मधून कडेला जायचं. कडेने सुरू केलंस तर सगळा फुगा मध्ये गोळा होतो. पिना नकोत, कच्चे टाके घाल. आणि मांडीवर घेऊन शिवू नकोस, अंगातल्या कपड्याला शिवशील."

मी विचारलं, "आणखी काय म्हणाली?"

"काही नाही," तो बुटाची नाडी सोडत म्हणाला. "पाय वर का आहेत, एवढंच विचारलं."

झालं. उशांवरच्या पायांवरून ओळखलंस. तुझ्यापासून काही लपवायचं म्हणजे चाळणीत पाणी भरायचं.

हो आई, दिवस राहिलेत. यावेळी कुणालाच सांगितलं नव्हतं. दुकानात पाठदुखी म्हणून कळवलंय. डॉक्टरीणबाईंनी पडूनच राहायला सांगितलंय, फक्त बाथरूमपर्यंत जायची मुभा. गेल्या वेळी जिथे सगळं थांबलं, तो टप्पा अजून यायचा आहे. मी दिवस मोजत नाही. भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा त्याला काढून ठेवायला लावलं. कूस बदलायची तरी जीव मुठीत धरून बदलते.

तू म्हणशील, एवढी भीती वाटते तर दुपट्याला हात कशाला लावलास? तेच मलाही कळत नाही. गेल्या वेळी वरचा थर मी मशीनवर जोडला, टाके तू घातलेस. तू शेवटची गाठ मारलीस आणि दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात न्यावं लागलं. त्यात गाठीचा काय दोष, हे मलाही समजतं. दुकानात गिऱ्हाइकाने डोळ्यांनी माप सांगितलं तर मी ऐकत नाही, टेप लावूनच बघते, अशी मी बाई. पण समजणं वेगळं आणि मनाने ऐकणं वेगळं.

आता लिहायलाच बसले आहे तर हेही लिहून टाकते. मी दवाखान्यातून घरी आले तेव्हा ते दुपटं कपाटात नव्हतं. तू गेलीस तुझ्या घरी. मग पार्सल आलं. आत नुसता वरचा थर, धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडी घातलेला. कापूस नाही, अस्तर नाही, तुझा एक टाका नाही. चिठ्ठीही नाही. मला वाटलं, आईने माझं बाळच उसवून टाकलं. आजही तसंच वाटतं. म्हणून बोलत नव्हते.

उसवण्यात तुझा हात आधीपासूनच तयार आहे म्हणा. शाळेत असताना मी रुमालाची एक कड शिवली की दुपारी तू ती उसवून ठेवायचीस. रागावायची नाहीस, काही बोलायचीही नाहीस. मी घरी यायचे तोवर तिथे तुझे सरळ टाके हजर. त्यानंतर मी सुई सोडली आणि कात्री धरली. कापलेलं कुणाला उसवता येत नाही.

तुझी मुलगी

२८ फेब्रुवारी

आई,

कच्चे टाके घालून झाले. खालच्या मजल्यावरच्या काकू आमच्या कुलपाची एक किल्ली ठेवून घेतात आणि दुपारी डोकावून जातात, त्यांनी अस्तर जमिनीवर पसरून चिकटपट्टीने ताणून दिलं. मी पलंगाच्या कडेला कुशीवर होऊन वरून सूचना देत होते. काकू म्हणाल्या, "एवढंसं दुपटं आणि सूचना मात्र मांडव घालायच्या." पण नीट ताणलं त्यांनी.

तू मांडीवर घेऊ नकोस म्हणालीस. मग कुठे घेऊ? टेबलाशी बसायची बंदी, जमिनीवर उतरायची बंदी. उशांना टेकून पोटावरच पसरते. खाली एक जाड पुठ्ठा ठेवते, दुकानातल्या पडद्याच्या खोक्याचा. म्हणजे सुई गाऊनमध्ये जात नाही.

आता खरी गंमत ऐक. कापड उजेडात धरलं की तुझ्या सुईची भोकं अजून दिसतात. धुतलंस, इस्त्री केलीस, तरी बुजली नाहीत. बारीक बारीक ठिपके, एका अंतरावर, ओळीने. मला वाटलं, सुटले! त्याच भोकांतून सुई घालत गेलं की झालं, आईचेच टाके पडतील. मी मधल्या निळ्या चौकोनापासून सुरुवात केली आणि तुझ्या मागोमाग निघाले.

दोन ओळींतच चुणी आली. कापूस नवा आहे, तू घातलास त्याहून जाड आहे, कापड धुऊन आटलंय. तुझी भोकं तुझ्या वेळच्या दुपट्याला बरोबर होती. मी ओढून ओढून सुई भोकात बसवत राहिले आणि मध्ये असा फुगा आला की खाली बेडूक बसलाय वाटावं. मग उसवायला घेतलं. एकेक टाका काढताना मनात नको नको ते यायला लागलं. आपण काय उसवतोय, आणि ते बघून आतलं काही सुटलं तर?

काकू आल्या तेव्हा मी रडत होते. त्यांना वाटलं, कळा आल्या. धावत फोनकडे गेल्या. मी म्हटलं, "काकू, चुणी आलीय." त्या खुर्चीत बसल्या आणि स्वतःच घाम पुसत राहिल्या.

आई, तू कशी घालायचीस गं टाके, न घाबरता?

तुझी मुलगी

१९ मार्च

आई,

तुझा निरोप मिळाला. "भोकं बघू नकोस म्हणावं, बोट बघ. खालचं बोट सुईचं टोक सांगतं." जावई तुझी नक्कल फार छान करतो, मान तशीच हलवतो. "तुमच्या दोघींमधला टपालवाला झालोय मी," म्हणतो, "आणि टपालवाल्याला रजा तरी असते."

मग मी दुपटं उलटं धरलं, भोकं दिसणारच नाहीत असं, आणि डोळे मिटून पहिला टाका घातला. बोटाला टोचलं. म्हणजे सुई तिन्ही थरांतून गेली. दुसरा टाका. पुन्हा टोचलं. बोटावर अंगुस्तानाची टोपी घातली तर काही कळत नाही, म्हणून काढून टाकली. बोटाची चाळण झाली आहे, पण फुगा आला नाही.

आता रोज थोडं होतं. निळा चौकोन झाला, त्याच्या भोवतीचे पिवळे झाले. ओळ सरळ जात नाही. जावई काल बघून म्हणाला, "रस्ता वळणावळणाचा आहे, पण गाडी पोचतेय." मी उशी फेकून मारली, आणि लगेच घाबरून आडवी झाले, एवढा जोर नको होता लावायला. खरं सांगू? ओळ वाकडी गेली तरी उसवावीशी वाटत नाही. टाके आखूड-लांब आहेत, पण मी ओढून बघते आणि ते धरून आहेत. माझ्या हाताने घातलेलं काहीतरी धरून आहे, हे बघायला मी दुपारभर त्याच्यावर हात फिरवत बसते.

सुई पुठ्ठ्याला लागून टक वाजते तेव्हा आतून हालचाल होते. प्रत्येक वेळी नाही. जेव्हा होत नाही तेव्हा मी पुन्हा टकटक करून बघते. मग वाट बघते. ती वाट बघणं फार वाईट असतं, आई.

परवा कपड्याला रक्ताचा डाग दिसला. लहानसा. मला दवाखान्यात नेलं, तपासलं, परत पाठवलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठीक आहे, पण पडून राहा." 'ठीक आहे' आणि 'पण' यांच्यामध्ये त्या जरा थांबल्या. मी घरी येईपर्यंत त्या थांबण्यातच अडकून होते.

म्हणून एक ठरवलंय. दुपटं पूर्ण करायचं नाही. उजवा खालचा कोपरा तसाच सोडणार, कच्च्या टाक्यांवर. शेवटची गाठ मारायचीच नाही. हस, हवं तर.

आणि आता स्पष्टच विचारते, जावयाच्या तोंडून उत्तर दिलंस तरी चालेल. तू ते का उसवलंस?

तुझी मुलगी

७ एप्रिल

आई,

पार्सल मिळालं. आत पुन्हा चिठ्ठी नाही. तू आणि तुझं तोंडाला लावलेलं कुलूप! एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर गुंडाळलेला पांढरा दोरा, एवढंच. मी उलटसुलट करून बघितलं. दोरा सरळ नव्हता. त्याला बारीक बारीक लाटा होत्या, एका अंतरावर. ते अंतर मी ओळखलं.

जावई संध्याकाळी आला तेव्हा मी काही विचारण्याआधीच पलंगावर बसला. यावेळी नक्कल केली नाही. म्हणाला, "आईंचा फोन आला होता. म्हणाल्या, सगळा दोरा ओढून काढलाय, एकाही जागी कापलेला नाही. त्यात घातलेले टाके त्या बाळाचे होते. ते तसंच ठेवलं असतं तर दुपटं कायम त्याचंच राहिलं असतं, आणि तिने ते कपाटात ठेवून जन्मभर बघितलं असतं. उसवलं की परत कापड होतं. कापड कुणालाही घालता येतं." मग माझ्या पायांखालची उशी नीट करत तो पुढे म्हणाला, "म्हणाल्या, चिंधीला हे सांगायला माझी जीभ रेटली नाही. म्हणून कापड धाडून दिलं. वाटलं, कळेल तिला."

कसं कळणार होतं गं मला? नुसत्या कापडाला का तोंड असतं? मला फार राग आला. मग रडू आलं. रडून झाल्यावर जावयाने विचारलं, "चिंधी कोण?" एवढी वर्षं संसार करून त्याला माझं हे नाव माहीत नव्हतं. सांगितलं त्याला, लहानपणी खिशात, दप्तरात, उशीखाली, सगळीकडे माझ्या कापडाच्या चिंध्या सापडायच्या म्हणून. आता दिवसभर तेच चाललंय. चिंधी, पाणी देऊ? चिंधी, पाय दाबू?

तू माझ्यासाठीच ठेवला होतास तो दोरा, असं मला वाटत नाही. तूसुद्धा तो टाकू शकली नाहीस, असं वाटतं. बरोबर ना?

गेल्या वेळचा आठवडा या आठवड्यात आहे. मी कॅलेंडर काढलं म्हणून काय झालं, अंगाला ठाऊक आहे. तुझा दोरा उशाशी ठेवलाय. वापरायचं धाडस नाही.

चिंधी

२२ एप्रिल, दवाखाना

आई,

जावयाने तुला कळवलं आहेच. मुलगी आहे. लवकर आली आहे. माझ्या तळहातापासून कोपरापर्यंत मावते. काचेच्या पेटीत ठेवली आहे, नाकात नळी आहे. डॉक्टरीणबाई म्हणतात, "बघू या." मला आता 'बघू या' या शब्दाची एवढी भीती बसली आहे की कुणी सिनेमा बघू या म्हणालं तरी मी दचकेन.

तू येईपर्यंत धीर धरवत नाही म्हणून लिहिते, नाहीतर वेड लागेल.

गेल्या वेळचा आठवडा सुखरूप गेला होता. मला जरा मोकळं वाटायला लागलं होतं. त्या दुपारी मी तुझा दोरा सुईत ओवला. मोठ्या धीराने, आई. शेवटच्या कोपऱ्याला हात लावायचा नव्हता, पण त्याच्या शेजारची ओळ तरी तुझ्या दोऱ्याने घालावी, असं मनात आलं. छान जात होती ओळ. मी मान वर करून बघितलंही नाही. पुठ्ठा कधी सरकला, कळलं नाही.

मग कंबरेतून कळ आली. मला वाटलं, अवघडले. दुसरी आली तेव्हा कळून चुकलं. उठायला गेले तर दुपटं माझ्याबरोबर उठलं. तू सांगितलं होतंस तेच झालं होतं, अख्खी ओळ मी माझ्या गाऊनला शिवून ठेवली होती. जावई खांबावर, फोन उचलेना. मी पलंगावर, पोटाला दुपटं शिवलेलं. हाक मारली तर काकू आल्या. त्यांनी गाडीसाठी फोन केला आणि कात्री घेऊन टाक्यांना भिडल्या.

मी ओरडले, "काकू, टाके नको! गाऊन कापा!"

"अगं, वेळ काय, तू बोलतेस काय? दोन टाके कापले की सुटेल."

"एकही टाका कापायचा नाही. गाऊन कापा."

त्यांना वाटलं असेल, कळांनी डोकं फिरलं हिचं. पण कापला बिचारीने, पोटावरचा अख्खा गोल. तशीच फाटका गाऊन आणि वर काकूंची शाल अशी मी जिन्यातून उतरले. दुपटं काकूंच्या काखेत, सुई त्यात लोंबत. एवढ्या भीतीत मला एकच विचार होता, तुझा तो दोरा कुठे कापलेला नव्हता, तो माझ्या हातून कापला जाऊ नये.

आता पेटीजवळ बसते. आत हात घालू देतात, पण मी घालत नाही. तिची छाती वर-खाली होते तेवढी बघत राहते. थांबली असं वाटतं, आणि मग पुन्हा हलते. सकाळी सिस्टर म्हणाल्या, "पेटीवर झाकायला जाड कापड आहे का? उजेड लागू नये, आवाज लागू नये. आईच्या पोटात असतो तसा अंधार हवा." काकूंनी पिशवीतून दुपटं काढलं, त्यातली सुई काढून घेतली. सिस्टरनी ते धुऊन, वाफवून आणलं आणि पेटीवर घातलं. अगदी मापात बसलं. एक कोपरा तेवढा कच्चा.

ये ना लवकर.

चिंधी

९ मे, दवाखाना

आई,

तू इथेच आहेस. समोरच्या बाकावर, चपला काढून, पदराची उशी करून झोपली आहेस, आणि मी हातभर अंतरावरून तुला पत्र लिहिते आहे. सवय झाली. तोंडाने बोलायला गेले तर पुन्हा दोघी पंख्याचा आवाज ऐकत बसू.

आलीस तेव्हा मला भीती कशाची वाटली सांगू? बाळाची नाही. तू पिशवी खाली ठेवलीस, काचेतून तिला पाहिलंस, आणि मग तुझी नजर दुपट्यावर गेली. तुझं बोट टाक्यांवरून फिरायला लागलं. आखूड, लांब, वाकडे, सगळे मोजल्यासारखं. खालून हात घालून तू अस्तर चाचपलंस आणि तो गोल तुकडा तुझ्या हाताला लागला.

"हे काय?"

"गाऊन आहे माझा. मांडीवर घेतलं होतं."

"टाके काढून सोडवता आलं असतं."

"हो."

तुझं नख एका टाक्याखाली गेलं होतं, आई. मी पाहिलं. शाळेतून घरी यायचे तेव्हा रुमालाची कड बघायचे, तशी मी तुझ्या नखाकडे बघत राहिले.  मग तू नख काढलंस आणि तो टाका अंगठ्याने दाबून बसवलास.

"असू दे," म्हणालीस. "धरून आहे."

आज सकाळी नळी काढली. वजन वाढतंय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढच्या आठवड्यात घरी न्या. त्या मध्ये कुठेही थांबल्या नाहीत, मी कान देऊन ऐकलं. तरी मला भीती वाटतेच आहे. पेटीत आहे तोवर यंत्र बघतं, घरी कोण बघणार? तू म्हणालीस, "तू." एवढंच म्हणालीस आणि डबा उघडलास.

दुपारी तू पिशवीतून सुई काढलीस, काकूंनी माझ्या उशाशी ठेवलेला आणून दिला तो उरलेला लाटांचा दोरा काढलास, आणि खिडकीशी जाऊन ओवायला लागलीस. ओवला गेला नाही. पुन्हा जिभेने टोक ओलं केलंस, पुन्हा नाही. तुझे डोळे कधी इतके गेले, मला कळलंही नाही. मग तू सुई माझ्यापुढे धरलीस.

मी दोरा ओवला आणि सुई तुला परत दिली. तू घेतली नाहीस.

"घाल तू," म्हणालीस. "मी धरते."

तू पेटीवरून लोंबणारा दुपट्याचा कोपरा उचलून ताणून धरलास.   मी खालचं बोट लावलं, टोचलं, आणि टाके घालत कडेपर्यंत गेले. तिथे पोचल्यावर थांबले. तुझ्याकडे बघितलं नाही. पेटीकडे बघितलं. तिची छाती वर-खाली होत होती.

मग मी गाठ मारली.

चिंधी